लघवीच्या नळीचं ऑपरेशन, आणि आधी बघायचं राहून गेलेलं तोंड

पेशंट ४३ वर्षांचा, सोलापूर जिल्ह्यातला, टेम्पो चालवणारा. नाव-गाव देत नाही. केस लिहू का म्हणून विचारलं तर त्याने आणि बायकोने दोघांनी हो म्हटलं, बायको तर म्हणाली लिहाच, दुसऱ्या कुणाची तरी नऊ वर्षं वाचतील. म्हणून लिहितोय, आणि सगळं लिहितोय, माझं जे चुकलं ते पण.

पहिल्यांदा ओपीडीत आला तेव्हा तक्रार एकच, धार बारीक. "लघवीला उभारलो की सात-आठ मिनिटं तिथंच जात्यात ओ डॉक्टर, निम्मं भाडं रस्त्याकडंलाच जातंय." जोर लावावा लागायचा, धारेला दोन फाटे फुटून पायावर यायची, झाल्यावर पण थेंब-थेंब गळत राहायचं आणि पँट ओली व्हायची, म्हणून हा माणूस भर उन्हाळ्यात सुद्धा काळीच पँट घालायचा. हे त्याने नाही सांगितलं, तो लघवीचं सँपल द्यायला बाहेर गेल्यावर बायकोने हळूच सांगितलं.

मागचा इतिहास असा. दहा-एक वर्षांपूर्वी शिश्नाच्या टोकाची कातडी पांढरी पडायला लागली, घट्ट झाली, मागे सरकेना, मग सुंता करून घेतली. काढलेली कातडी तपासायला पाठवलीच नव्हती. पुढच्या वर्षभरात धार बारीक झाली. मग सुरू झालं चक्र. तीन वेळा नळी मोठी करून झाली म्हणजे लोखंडी डायलेटर घालून ताणलेली, दोन वेळा दुर्बिणीतून आतला अडथळा कापलेला, आणि शेवटची दोन वर्षं तो घरीच स्वतःच्या हाताने कॅथेटर घालत होता, आठवड्यातून दोनदा, रक्त आलं की दोन दिवस थांबून परत. प्रत्येक वेळी काही महिने बरं वाटायचं आणि परत तेच. वेगवेगळ्या ठिकाणी दाखवलेलं होतं, कुणी वाईट हेतूने काही केलं असं मी म्हणणार नाही, पण पाचव्या वेळेनंतरही एकदा पूर्ण नळीचा डाय टाकून एक्स-रे निघालेला नव्हता, हे मात्र खरं आहे आणि त्याचा मला राग येतो.

राग का येतो ते सांगतो. दुर्बिणीतून कापणं हे छोट्या, दोन सेंटिमीटरच्या आतल्या, पहिल्यांदाच झालेल्या स्ट्रिक्चरसाठी (म्हणजे व्रण धरून नळी अरुंद होणं) ठीक आहे. लांब स्ट्रिक्चरमध्ये कापलं की ती जखम परत व्रण धरूनच भरते, आणि दरवेळी व्रण आणखी खोल जातो. १९९७ साली दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या अभ्यासात ४ सेंटिमीटरपेक्षा लांब असलेली स्ट्रिक्चर्स वर्षभरात १० पैकी ८ जणांना परत झाली होती. म्हणजे हे लांबी न मोजता कापत राहणं म्हणजे पेशंटला परत यायची तारीख देणंच झालं.

आमच्याकडे फ्लो टेस्ट केली. चांगला फ्लो सेकंदाला १५ मिलीच्या वर असतो आणि आलेख डोंगरासारखा चढून उतरतो. याचा जास्तीत जास्त ४ मिली, आणि आलेख सपाट, पठारासारखा लांबच लांब. लघवी करून झाल्यावर पण पिशवीत १९० मिली शिल्लक. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) नॉर्मल निघालं, तेवढं बरं. लघवीत इन्फेक्शन होतं त्याचं औषध आधी दिलं. इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते, नळी निम्मी झाली तरी धारेत फारसा फरक कळत नाही, साधारण १०-११ फ्रेंचच्या खाली गेल्यावर धार एकदम पडते (३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर). म्हणजे पेशंटला त्रास जाणवायला लागतो तोपर्यंत नळी साडेतीन मिलिमीटरवर आलेली असते.

डाय टाकून फोटो काढला. टोकापासून सुरू होऊन शिश्नाची सगळी नळी अरुंद, बल्बर भागापर्यंत (अंडकोषामागचा नळीचा भाग) मणी ओवल्यासारखी. फोटोवर ९ सेंटिमीटर भरलं. टोकाजवळच्या पांढऱ्या कातडीचा छोटा तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्ट आला लायकेन स्क्लेरोसस, जुन्या डॉक्टरांच्या तोंडात बीएक्सओ. म्हणजे मूळ आजार नळीचा नव्हता, कातडीचा होता, टोकाकडून आत सरकत गेलेला.

आता एवढ्या लांब स्ट्रिक्चरला खराब भाग कापून दोन टोकं जोडता येत नाहीत, ते छोट्या आणि बल्बर भागातल्याच स्ट्रिक्चरला जमतं, शिश्नाच्या भागात केलं तर ताठरता येताना शिश्न वाकडं होतं. म्हणून नळी लांबीत उघडायची आणि तिथे दुसरीकडचं अस्तर लावून ती रुंद करायची. हा लावलेला तुकडा म्हणजे ग्राफ्ट, त्याच्याबरोबर स्वतःची रक्तवाहिनी येत नाही. पहिले दोन दिवस तो खालच्या जागेतून झिरपणाऱ्या रसावर जगतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी खालच्या बारीक रक्तवाहिन्या त्याच्या वाहिन्यांना जाऊन जुळतात. त्या चार दिवसांत तो जागचा हलला, त्याच्याखाली रक्त साचलं किंवा त्याला चरबी चिकटलेली राहिली तर तो मरतो. सगळी कारागिरी त्या चार दिवसांसाठी असते.

मी प्लॅनमध्ये लिहिलं, "बक्कल म्यूकोसा ग्राफ्ट, दोन्ही गाल." सवयीने लिहिलं. गालाच्या आतलं अस्तर आज जगभर पहिली पसंती आहे आणि कारणं पक्की आहेत, जाड वरचा थर, पातळ खालचा थर, त्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं म्हणून लवकर रुजतं, केस नाहीत, ओल्या जागेत राहायची सवय, जंतूंना दाद देत नाही, आणि काढल्याची खूण बाहेर दिसत नाही. युक्रेनमधल्या सापेझ्को नावाच्या सर्जनने १८९० च्या दशकातच तोंडातलं अस्तर वापरलेलं, १९४१ ला हम्बीने वापरलं, मग कितीतरी वर्षं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही आणि १९९० नंतर सगळीकडे परत सुरू झालं. १९९६ ला इटलीत बारबाग्लींनी ग्राफ्ट नळीच्या पाठीकडून लावायची पद्धत आणली, आग्र्याच्या आसोपांनी २००१ मध्ये समोरून नळी उघडून आतून पाठीला लावायची पद्धत दिली, आणि पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींनी नळी एकाच बाजूने सोडवून ग्राफ्ट लावायची पद्धत बारबाग्लींबरोबर २००९ मध्ये छापली, जी आज बाहेरच्या देशात सुद्धा कुलकर्णी टेक्निक म्हणूनच शिकवतात. आमच्या पिढीने हे सगळं तयार ताटात मिळाल्यासारखं शिकलंय, म्हणून हात आपोआप गालाकडे जातो.

सरांनी प्लॅन वाचला आणि एवढंच विचारलं, "तोंड बघितलंस?"

नव्हतं बघितलं. वॉर्डात गेलो, खुर्ची ओढून समोर बसलो आणि म्हटलं दादा, आ करा. उघडलं तेवढं उघडलं आणि थांबलं. नॉर्मल माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात, याची दीड मावली. पट्टीने मोजलं, २७ मिलिमीटर. टॉर्च मारला तर डावा गाल आतून पांढुरका, संगमरवरासारखा, ग्लोव्ह घालून बोट फिरवलं तर खाली सुतळी ताणून बांधल्यासारखे दोन पट्टे उभे हाताला लागले. उजवा गाल फिका होता पण मऊ होता. बायको म्हणाली, "मावा डाव्या अंगालाच धरत्यात ओ, झोपताना सुद्धा." सोळा वर्षं, दिवसाला आठ-दहा पुड्या. सुपारी, चुना, तंबाखू.

ही ओरल सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे अस्तराखाली व्रण धरून तोंड आवळत जाणं, मुळात सुपारीमुळे होणारी. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण मावा टपरीवर समोर घासून मिळतो. या गालातून ग्राफ्ट काढून तो लावला म्हणजे एक व्रण काढून त्याच्या जागी दुसरा व्रण शिवल्यासारखं. आणि काढलेल्या जागी गाल आणखी आवळणार, २७ चे २० झाले तर हा माणूस भाकरी कशी खाणार? जो आजार मी खाली बरा करायला निघालो होतो तो वर तोंडात तयार करून ठेवला असता.

मग खरा प्रश्न सुरू झाला, अस्तर आणायचं कुठून.

सगळ्यात जवळची म्हणजे शिश्नाची कातडी. तिचा फ्लॅप ओरांडींनी १९६८ ला सांगितला, गोल फिरवून घ्यायचा फ्लॅप मॅकॅनिंचनी १९९३ ला, आणि साध्या पेशंटमध्ये तो छान चालतो कारण फ्लॅप स्वतःची रक्तवाहिनी घेऊनच येतो. पण इथे आजारच कातडीचा. लायकेन स्क्लेरोससमध्ये गुप्तांगाची कातडी नळीत बसवली की तोच आजार त्या कातडीत परत येतो, आत्ता नाही तर तीन-चार वर्षांनी. बाद. अंडकोषाची कातडी तर कुणालाच लावू नये, केस येतात, केसांवर खडे जमतात, मी असा एक पेशंट बघितलाय आणि परत बघायची इच्छा नाही. कानामागची कातडी लायकेनच्या टापूबाहेरची आहे, पण शेवटी ती पण कातडीच, आणि एवढी लांब पट्टी दोन्ही कानांमागून पण नीट निघत नाही. लघवीच्या पिशवीचं अस्तर काढायला पोट उघडायचं, आणि टोकाशी ते बाहेर फुगून येतं. प्राण्याच्या आतड्यापासून बनवलेला तयार तुकडा मिळतो, पण अमेरिकन युरॉलॉजी असोसिएशनच्या गाईडलाईनमध्ये प्राण्याचा, दुसऱ्या माणसाचा किंवा कृत्रिम ग्राफ्ट फक्त संशोधनाच्या चौकटीतच वापरा असं सांगितलंय. लॅबमध्ये पेशी वाढवून केलेला ग्राफ्ट जर्मनीत पेशंटना लावलेला आहे, तो आमच्या हाताशी नव्हता आणि असता तरी त्यासाठी पेशी तोंडातूनच घेतात.

उजवा गाल आणि जीभ उरली. आणि एक पर्याय असा की ग्राफ्ट लावायचाच नाही, अंडकोषाच्या मागे लघवीला नवीन तोंड करून द्यायचं, म्हणजे बसून लघवी करायची, बाकी त्रास संपला. हा पर्याय पेशंटपुढे आम्ही हलका करून नाही मांडला. ऑपरेशन छोटं, परत बिघडायची शक्यता कमी, आणि लायकेनवाल्या लांब स्ट्रिक्चरमध्ये खूप जण समाधानाने राहतात. त्याने ऐकून घेतलं, रात्रभर विचार केला आणि सकाळी सांगितलं की रस्त्यावर दिवस काढणाऱ्याला बसायची जागा कुठं मिळती, आधी दुसरं करून बघा, नाहीच झालं तर हे. मला ते पटलं. साठीच्या माणसाला कदाचित मीच आग्रह केला असता.

जिभेचं अस्तर, म्हणजे कडेचं आणि खालच्या बाजूचं, इटलीत सिमोनातोंनी २००६ मध्ये मूत्रमार्गासाठी वापरलं. गुण गालासारखेच, फक्त पातळ आणि जरा नाजूक, आणि मुख्य म्हणजे लांब सलग पट्टी मिळते. तोटा बोलण्याचा, दोन्ही कडा घेतल्या तर काही दिवस जीभ जड राहते आणि काहींना ते कायम थोडंसं जाणवतं. या पेशंटची जीभ बाहेर येत होती, खालचं अस्तर गुलाबी आणि ओलं होतं, पट्टे लागत नव्हते. ठरलं की जिभेच्या दोन्ही कडा घ्यायच्या आणि उजवा गाल राखून ठेवायचा, कारण लायकेन कधी परत डोकं काढेल सांगता येत नाही आणि तेव्हा लागला तर कुठून आणणार?

पण लगेच ऑपरेशन नाही केलं, तीन महिने थांबलो, आणि या केसमधलं सगळ्यात उपयोगाचं काम त्या तीन महिन्यांतच झालं असं माझं मत आहे. बेंबीखालून पोटातून थेट लघवीच्या पिशवीत नळी टाकली म्हणजे मूत्रमार्गाला पूर्ण आराम, घरचं कॅथेटर घालणं बंद. कारण सारखी ताणलेली नळी फोटोत खोटं सांगते, जिथे आजार आहे तिथे पण मोकळी दिसते. आठ आठवड्यांनी परत डाय टाकला तर ९ चे १३ सेंटिमीटर निघाले. पहिल्या फोटोवर विसंबून ऑपरेशन केलं असतं तर चार सेंटिमीटर आजार आतच ठेवून शिवून टाकला असता. तोंडातल्या पांढऱ्या डागाचा दातांच्या डॉक्टरांनी तुकडा घेतला, कॅन्सर नाही, कॅन्सरच्या वाटेवरचे बदल पण नाहीत, मग जीव भांड्यात पडला. मावा बंद. हे लिहायला दोन शब्द लागले, त्याला सहा आठवडे लागले, मधे दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा स्वतः फोन करून सांगितलं. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दाताखाली धरायच्या आणि दर आठवड्याला एक वाढवायची, हा व्यायाम बायकोने दिवसातून पाच वेळा करून घेतला. २७ चे ३१ झाले. चार मिलिमीटर वाचायला काहीच वाटत नाही, पण जिभेच्या मुळाशी टाका घालायला हात आत जातो की नाही ते त्या चारवर ठरतं.

भूल देणाऱ्या मॅडमनी जागेपणीच नाकातून फायबरऑप्टिक दुर्बिणीने श्वासाची नळी टाकली. नाकातून यासाठी की तोंड आम्हाला मोकळं पाहिजे, आणि जागेपणी कारण तोंड एवढंच उघडत असताना झोपवल्यावर नळी गेली नाही तर हाताशी वेळ नसतो.

दोन टीम. खाली सर, वर मी. जिभेच्या टोकाला सिल्कचा टाका घालून जीभ बाहेर ओढून धरली, कडेला अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेलं लिग्नोकेन टोचलं की अस्तर खालून उचलून येतं आणि रक्त कमी येतं. वरच्या बाजूला चवीचे खरबरीत दाणे संपतात तिथे वरची रेघ, खाली जिभेची नस आणि लाळेच्या नळीचं तोंड सोडून खालची रेघ, रुंदी दीड सेंटिमीटर. ७ सेंटिमीटरची एक पट्टी निघाली, दुसरीकडून तेवढीच. जागा टाक्यांनी बंद केली. मग पट्टी सिलिकॉनच्या ठोकळ्यावर सुयांनी ताणून बसवली आणि बारीक कात्रीने मागची चरबी आणि स्नायूचे धागे काढत गेलो, इतके की उचलून लाईटसमोर धरली तर पलीकडची कात्री दिसायला लागली. जिभेचं अस्तर पातळ असतं म्हणून इथे हात जपून, एक ठिकाणी भोक पडलं तर तेवढी रुंदी गेली. वीस मिनिटं लागली एका पट्टीला आणि मी घाई केली नाही.

खाली सरांनी अंडकोषामागच्या एकाच छेदातून सगळं केलं, शिश्न आतून उलटं करून त्या छेदातून बाहेर घेतलं म्हणजे शिश्नाच्या कातडीवर कुठेही काप नाही, लायकेनमध्ये हे फार महत्त्वाचं. नळी फक्त डाव्या बाजूने सोडवली, उजवीकडचा रक्तपुरवठा आणि शेवटचे थेंब ढकलणारा स्नायू तसाच ठेवला. पाठीकडून नळी १३ सेंटिमीटर उघडली, दोन्ही पट्ट्या शिश्नाच्या आतल्या पांढऱ्या पडद्यावर पसरून गोधडीसारखे मधे मधे टाके घातले, म्हणजे खाली रक्त साचायला जागाच राहू नये, आणि १४ फ्रेंचच्या सिलिकॉन कॅथेटरवर नळीच्या कडा त्या पट्ट्यांना शिवल्या. टोक वेगळं मोकळं करून ग्राफ्टचं टोक तिथे आणून बसवलं. साडेचार तास. पाय वर बांधलेले असतात म्हणून मधे मधे पोटऱ्या दाबून बघणं हे काम एका सिस्टरकडेच दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी जीभ सुजलेली, बोलणं कळत नव्हतं, तो पाटीवर लिहून दाखवायचा. बर्फ चघळणं, गार दूध, ताक, नाचणीची पातळ पेज, क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या. खाली काहीच दुखत नव्हतं, सगळा त्रास तोंडाचा, आणि हे पेशंटला आधी सांगायलाच हवं, नाहीतर तो घाबरतो. चौथ्या दिवशी त्याने मुलीला फोन केला, "र" आणि "ट" येत नव्हते, मुलगी पलीकडे रडायला लागली. मी फोन घेतला आणि तिला सांगितलं की हे अपेक्षित आहे, तीन आठवड्यांनी परत बोलू. सांगितलं खरं पण मला पण धाकधूक होतीच.

तीन आठवड्यांनी कॅथेटरच्या कडेने डाय टाकून बघितलं, कुठेही गळती नाही, कॅथेटर काढला. पहिला फ्लो १९ मिली. पोटातली नळी चार दिवसांनी काढली. तीन महिन्यांना २१. "र" पाचव्या आठवड्यात आला, "ट" आणि "ळ" जरा जड, भरभर बोलताना अजून अडखळतात. दुसरं म्हणजे लघवीनंतर दोन-चार थेंब येतात, नळी रुंद झाल्यावर हे होतं, खालून बोटाने पुढे दाबून काढायला शिकवलंय. ताठरता दोन महिने कमी होती, मग पूर्ववत.

आठव्या महिन्यात टोकाशी परत पांढरट कडा दिसली. लायकेन. क्लोबेटासोलचं (स्टिरॉइडचं) मलम चालू केलं, सहा आठवड्यांत मऊ पडली, १६ फ्रेंचचा कॅथेटर अडखळत आत जात होता तो परत सरळ जायला लागला. चौदाव्या महिन्याचा फ्लो १८. एवढ्या लांब नळीच्या ऑपरेशनमध्ये चांगल्या हातात सुद्धा १० पैकी साधारण ८ जणांचं टिकतं, म्हणजे दोघांचं नाही टिकत, आणि हा कुठल्या गटात आहे हे ठरायला अजून काही वर्षं जावी लागतील. हे त्याला माहीत आहे.

परवा फॉलोअपला आला. खाकी पँट घालून आला होता. फ्लोच्या मशीनकडे जायच्या आधी मी त्याला खुर्चीवर बसवलं, टॉर्च घेतला, पट्टी घेतली. ३४ मिलिमीटर. उजव्या गालात बोट फिरवलं, मऊ आहे, पट्टा कुठेच लागला नाही. "बघा डॉक्टर," तोंडातून पट्टी काढल्यावर म्हणाला, "ह्यो गाल मी तुमच्यासाठी राखून ठिवलाय."